रकाना रिकामा सोडायचा नाही

बारावीनंतर मी पर्यटन व्यवस्थापनाच्या पदवीला नाव घातलं, तेव्हा ग्वाल्हेरला आमच्या दौलतगंजातल्या घरात आठवडाभर कुणी धड बोलत नव्हतं. बाबांचा एकच प्रश्न होता : "म्हणजे किल्ल्याच्या दारात उभी राहून लोकांच्या मागे लागणार?" काका म्हणत होते, बी.कॉम. कर, बँकेच्या परीक्षा दे. आजीनं एवढंच विचारलं, "यात शिकवतात काय गं?" मला स्वतःलाही नीटसं ठाऊक नव्हतं. म्हटलं, "चार लोक कुठे फिरायला आले की त्यांची व्यवस्था कशी ठेवायची, ते." आजी म्हणाली, "मेळ्यात असते तशी? मग शिक की. मेळ्यात व्यवस्था नसली तर काय हाल होतात ते मला विचार."

आमच्याकडे मेळा म्हणजे एकच, थंडीत रेसकोर्स रोडवर भरणारा, १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला. आजीचं ते वाक्य मी प्रवेशाच्या रांगेत घोकत उभी होते, कारण फॉर्मवर 'हा विषय का निवडला' असा एक रकाना होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

या विषयाची केंद्र सरकारची एक संस्थाच ग्वाल्हेरात आहे, १९८३ साली स्थापन झालेली. मी तिथली नव्हे. मी शहरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजात होते, जिथे आमचा विभाग म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि भिंतीवर भारताचा मोठा नकाशा. पहिल्या वर्षी पर्यटनाची तत्त्वं, भूगोल, हिशेब, मार्केटिंग आणि इंग्रजी. मला भूगोल सोडून काहीच आवडलं नाही. मुलांचं सगळं लक्ष विमानाच्या तिकिटांच्या पेपरावर, कारण नोकरी तिथे. दुसऱ्या वर्षी एक ऐच्छिक पेपर होता, 'मनोरंजन आणि उद्यान व्यवस्थापन'. वर्गातल्या चाळीस जणांपैकी आम्ही सात जणांनी तो घेतला. मी घेतला तो वेळापत्रक सोयीचं होतं म्हणून. तोच पेपर पुढे माझा झाला.

त्याआधी बटेश्वरची सहल सांगायला हवी. बटलर नावाच्या भूगोलतज्ज्ञानं १९८० साली मांडलेली एक वक्ररेषा या विषयात सगळ्यांना शिकवतात. कुठलंही पर्यटनस्थळ आधी चारदोन हौशी लोकांना सापडतं, मग गावकरी त्यात सहभागी होतात, मग विकास, मग स्थिरावणं, मग साचलेपण, आणि त्यानंतर एकतर उतरण नाहीतर नवा जन्म. परीक्षेत ती रेषा काढली की पाच गुण ठरलेले. आमच्या मॅडमना ते मान्य नव्हतं. त्या म्हणाल्या, "रेषा वहीत काढू नका, जागेवर जाऊन काढा." आणि आम्हाला मुरैना जिल्ह्यात बटेश्वरला घेऊन गेल्या.

तिथे वालुकाश्माची लहानलहान दोनशेच्या आसपास मंदिरं होती, आठव्या ते दहाव्या शतकातली, प्रतिहारांच्या काळातली. सगळी कोसळून दगडांचा खच झाला होता. २००५च्या सुमारास पुरातत्त्व खात्याचे के. के. मुहम्मद यांनी ते दगड जुळवून मंदिरं पुन्हा उभी करायला घेतली, आणि तो भाग तेव्हा डाकूंचा. आज रांगेनं उभी असलेली मंदिरं पाहताना मागच्या टेकडीवर अजून पडलेला खचही दिसतो. मला त्या उभ्या मंदिरांपेक्षा तो खच जास्त वेळ बघावासा वाटला. एखादा कोरीव तुकडा हातात घेऊन हा कुठल्या शिखराचा हे ओळखायचं, तेही हजारो तुकड्यांतून!

आम्ही गेलो त्या दिवशी आमच्याशिवाय पाचसहाच माणसं होती. बाहेर एक चहाची टपरी. टपरीवाल्याला मॅडमनी विचारलं, किती दिवस झाले? तो म्हणाला, "दोन साल. पहले खेती ही थी, अब इतवार को थोड़ा ये भी." मॅडम आमच्याकडे वळल्या : "ही टपरी तुमच्या रेषेवर कुठे बसते?" सहभागाच्या टप्प्यावर. ती रेषा त्यानंतर मी कधी विसरले नाही. परतीच्या वाटेवर मितावलीचं गोल योगिनी मंदिर पाहिलं, पण तिथवर माझं डोकं टपरीतच अडकलेलं होतं.

दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष माहिती सांगण्याचा सराव. यात मी सपशेल पडले, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण या अभ्यासक्रमाला येणाऱ्या बहुतेकांचं हेच होतं.

फ्रीमन टिल्डन नावाच्या अमेरिकन लेखकानं १९५७ साली राष्ट्रीय उद्यानांत माहिती सांगणाऱ्यांसाठी सहा तत्त्वं मांडली. पहिलं असं, की सांगणं ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवाशी कुठेतरी जोडलं गेलं पाहिजे, नाहीतर ते वांझ. दुसरं, नुसती माहिती म्हणजे उलगडा नव्हे. ही तत्त्वं मी तोंडपाठ केली होती. आणि महाराष्ट्रातून आलेल्या एका बसमधले तीसेक जण मला सरावाला मिळाले, तेव्हा किल्ल्यावरच्या मानमंदिर राजवाड्यासमोर उभी राहून मी सुरू झाले : मानसिंह तोमर, कारकीर्द १४८६ ते १५१६, राजवाड्याचे चार मजले, त्यातले दोन जमिनीखाली, निळ्या फरशांवर पिवळ्या बदकांची रांग... सगळं बरोबर. पाचव्या मिनिटाला अर्धे लोक फोटो काढायला पांगले. जे उरले त्यांच्यात एक नऊवारीतल्या आजी होत्या, पायरीवर टेकलेल्या. मी थांबल्यावर त्या म्हणाल्या, "बाळ, छान सांगितलंस. पण मला एक सांग, एवढ्या उंचावर हे लोक पाणी कुठून आणायचे?"

मला उत्तर येत होतं. सूरजकुंड, जौहर कुंड, ऐंशी खांबांची बावडी म्हणजे पायऱ्यांची विहीर, सगळं येत होतं. फक्त ते मी शेवटी, 'इतर प्रेक्षणीय स्थळे' म्हणून ठेवलं होतं.

त्या आजींनी आयुष्यभर पाणी भरलं असणार. मी त्यांना बावडीकडे नेलं, बाकीचेही मागे आले. तिथे मी तारखा सोडून दिल्या. सूरज सेन नावाच्या राजाचा कुष्ठरोग ग्वालिपा साधूनं दिलेल्या कुंडाच्या पाण्यानं बरा झाला आणि त्या साधूच्या नावावरून ग्वाल्हेर, ही कथा. मृगनयनीनं मानसिंहाशी लग्न करताना आपल्या गावच्या राई नदीचं पाणी गुजरी महालापर्यंत आणायची अट घातली, ही दंतकथा. तिथे त्या आजी हसल्या, म्हणाल्या, "शहाणी होती. सासरी जाताना आधी पाण्याचं बघावं." सगळ्या बायका हसल्या. त्यानंतर मी किल्ल्यावरची माझी फेरी पाण्याभोवतीच बांधली, आजही तीच करते.

(त्याच बसमधल्या एका काकांनी मला तीनदा विचारलं, "तुम्ही इकडचे, मग मराठी कसं काय?" दौलतराव शिंद्यांची छावणी १८१०च्या सुमारास इथे पडली, म्हणून या शहराच्या अर्ध्या भागाचं नाव लष्कर; त्या छावणीबरोबर आलेल्यांचे आम्ही वंशज. हे सांगताना मला दर वेळी बरं वाटतं.)

गर्दीचा पेपर मेळ्यात शिकले, आजी म्हणाली होती तसंच. आम्हा विद्यार्थ्यांना माहिती कक्षावर बसवलं होतं. एका चौरस मीटरात चारपाचाहून जास्त माणसं झाली की माणूस स्वतःच्या पायांवर चालत नाही, गर्दी त्याला चालवते. हे पुस्तकात वाचलं होतं. रविवारी संध्याकाळी पाळण्यांच्या बाजूला ते अंगानं कळलं. सरांनी आम्हाला जमिनीवर खडूनं एक मीटरचा चौकोन आखायला लावला आणि त्यात पाच जणांना उभं केलं. हात वर करता येईना. तोवर मला धोका म्हणजे आग वाटायची. इंटर्नशिपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एका ट्रॅव्हल एजन्सीत पंचेचाळीस दिवस मी गाड्यांची बुकिंगं केली, पैसे मिळाले नाहीत, सर्टिफिकेटसाठी चार खेपा घालाव्या लागल्या. जे दोघे मित्र कुनो राष्ट्रीय उद्यानाच्या बाजूला गेले ते भरभरून बोलत आले. १७ सप्टेंबर २०२२ला नामिबियातून आठ चित्ते तिथे आल्यापासून सगळ्यांना तोच विषय हवा होता.

मलाही हवा होता. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी 'कुनो परिसरातील पर्यटन' असा सिनॉप्सिस लिहून नेला. मॅडमनी वाचला आणि विचारलं, "तिथे किती वेळा जाऊ शकशील?" म्हटलं, दोनदा. "आणि तुझ्या घराजवळच्या बागेत?" मी गप्प बसले. घराजवळची बाग म्हणजे घसरगुंडी, चार झुले, उघड्यावरची व्यायामाची यंत्रं, सिमेंटचा फिरायचा रस्ता, कुलूप लावलेलं शौचालय. तिच्यावर प्रकल्प म्हटल्यावर मला रडू आलं होतं, खरं सांगते.

बागेचं निरीक्षण करायची एक ठरलेली पद्धत आहे, अमेरिकेत संशोधकांनी २००६ साली मांडलेली. सोपार्क म्हणतात तिला. बागेचे भाग पाडायचे. दिवसातून ठरलेल्या वेळी प्रत्येक भागासमोर उभं राहून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि दिसेल त्या प्रत्येक माणसाची तक्त्यात खूण करायची : स्त्री की पुरुष, मूल, किशोर, प्रौढ की ज्येष्ठ, बसलेला, चालणारा की दमछाक होईल असं काही करणारा. मागे वळून पाहायचं नाही, गेलेला माणूस परत मोजायचा नाही. कुणाशी बोलायचंही नाही. पहिले दोन दिवस मला फार अवघडल्यासारखं झालं. चौकीदार रोज विचारायचा, "बिटिया, नगर निगम से हो?"

पहिल्या आठवड्याचे तक्ते मी मॅडमना दाखवले. पाहता पाहता त्यांनी पेन टेकवलं : "इथे काय?" ज्येष्ठ स्त्रिया, संध्याकाळ. तो रकाना मी मोकळा सोडला होता. म्हटलं, कुणी नव्हतं. "मग शून्य लिही. रिकामा रकाना म्हणजे तू पाहिलंच नाहीस. शून्य म्हणजे पाहिलंस आणि कुणी नव्हतं. या दोन गोष्टींत प्रकल्पाएवढा फरक आहे."

मी सगळे तक्ते पुन्हा काढून बसले. जिथे खात्री होती तिथे शून्यं भरली, नव्हती तिथे ती फेरी रद्द केली. आणि भरता भरता लक्षात आलं की ती शून्यं विखुरलेली नाहीत. सकाळी फिरायला येणाऱ्यांत चारदोन वयस्क बायका दिसायच्या, नवऱ्याबरोबर किंवा जोडीनं. दुपारी कुणीच नाही. संध्याकाळी मुलं, तरुण, निवृत्त पुरुषांचा पत्त्यांचा अड्डा, मुलांना आणणाऱ्या आया. साठीपुढची बाई ओळीनं सहाही दिवस शून्य. आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात एक आजी आहे. त्या सगळ्या संध्याकाळी कुठे असतात?

त्याच महिन्यात किल्ल्याच्या सरावासाठी आम्ही ग्वाल्हेर दरवाजाकडून पायी चढत होतो. ही वाट पायी चालणाऱ्यांची. गाड्या उरवाई दरवाजाकडून जातात. चढावर, गणेश पोळ हा दरवाजा ओलांडल्यावर, कड्यातच कोरलेलं चतुर्भुज विष्णूचं एक छोटंसं मंदिर आहे. तिथे थांबतात ते शून्यासाठी. आतल्या भिंतीवर विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इसवी सन ८७६चा संस्कृत शिलालेख आहे, आणि त्यात २७० आणि ५० या आकड्यांत आपण आज काढतो तसंच शून्य कोरलेलं आहे, फक्त बारीक. तारखेसह कोरलेल्या, भारतातल्या सर्वांत जुन्या शून्यांपैकी हे एक. गणिताचे प्राध्यापक जगभरातून ते बघायला येतात. मीही शाळेच्या सहलीत पाहिलं होतं.

या वेळी सरांनी तो लेख काय सांगतो ते सांगितलं. ती एका बागेची नोंद आहे. देवाच्या पूजेसाठी फुलबाग म्हणून २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, आणि माळ्यांनी त्या बदल्यात रोज ५० माळा द्यायच्या.

मी तिथेच वहीत हिशेब मांडला. हात साधारण ४५ सेंटिमीटर धरला तर ती बाग एकशेवीस मीटर लांब आणि चौऱ्याऐंशी मीटर रुंद होते, म्हणजे एक हेक्टरच्या आसपास. माझ्या बागेहून मोठी. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बाग मोजली, काय मिळायचं ते मोजलं, आणि २७० लिहिताना एककाच्या जागी काही नाही म्हणून ती जागा मोकळी न सोडता तिथे गोल काढला. मॅडमचं बोलणं माझ्या कानात होतं. मी त्या गोलाकडे फार वेळ पाहत उभी राहिले, इतका की बाकीचे हत्ती पोळपर्यंत पोचले होते.

मग मी तक्ता बाजूला ठेवून बोलायला निघाले. सुरुवात घरातूनच केली. आजीला विचारलं, "तू बागेत का जात नाहीस?"

"काय करायचं तिथे?"

"बसायचं."

"बसेन गं. उठू कशी?"

ती गेली होती, मला न सांगता, वर्षापूर्वी एकदा. बाकांना पाठ नाही, हात टेकायला दांडी नाही, आणि उंची इतकी कमी की गुडघे छातीशी येतात. शेवटी एका अनोळखी मुलानं तिला हात देऊन उठवलं. पुन्हा गेली नाही. फाटकाचंही तेच : मोटरसायकली आत येऊ नयेत म्हणून लोखंडी वळणाचं फाटक बसवलेलं, त्यातून काठी घेऊन वळता येत नाही. आणि तिसरं कारण तिनं आवाज खाली आणून सांगितलं. शौचालय बंद असतं. "आमच्या वयात दर तासाला जावं लागतं. कुणाला सांगणार?"

तेवीस जणींशी मी बोलले, ओट्यांवर, जिन्यांवर, स्वयंपाकघरांत. मराठी, हिंदी, सिंधी घरं. कुलुपाचं शौचालय बहुतेक सगळ्यांच्या बोलण्यात आलं, पण लगेच नाही, दुसऱ्या चहानंतर. एका काकूंचं बोलणं मी प्रकल्पात जसंच्या तसं उतरवलं : "देवळात जाते म्हटलं की कुणी काही विचारत नाही. बागेत जाते म्हटलं की सगळे विचारतात, कशाला?"

यानं माझा प्रकल्पच फिरला. मी सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी देवळांच्या ओट्यांवर तोच तक्ता घेऊन बसले. पुस्तकातल्या पद्धतीत ओटा बसत नाही, पण मॅडम म्हणाल्या, बसव. आणि तिथे होत्या त्या सगळ्या. आरतीच्या आधी अर्धा तास आणि नंतर तासभर. पाय सोडून बसलेल्या, वाती वळणाऱ्या, सुनांबद्दल बोलणाऱ्या, काही नुसत्या गप्प. मनोरंजनाची व्याख्या आम्ही पहिल्या वर्षी पाठ केली होती : फावल्या वेळेत, स्वतःच्या इच्छेनं, आनंदासाठी केलेली गोष्ट. मी ती व्याख्या ओट्यावर पाहत होते. बागेत शून्य आणि ओट्यावर सतरा, एकाच संध्याकाळी, एकाच गल्लीच्या दोन टोकांना. ओट्याची उंची बसायला सोयीची, मागे भिंत, शेजारी नळ, आणि पुजाऱ्याच्या घरचं शौचालय मागितलं तर मिळतं. बागेत जे बांधायला हवं होतं त्याची यादी समोर होती.

नियमांची कागदपत्रं मी नंतर वाचली. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक सूचनांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलेलं आहे. चाकाच्या खुर्चीसाठीच्या उताराचं, म्हणजे रॅम्पचं, प्रमाण एकास बारा हवं. हे सगळं लिहिलेलं आहे, वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. जागा किती ते सगळे मोजतात; तिथून उठता येतं का, ते मोजायला तेवीस घरांत चहा प्यावा लागला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी फाइल चाळली आणि विचारलं, "ठीक आहे, पण यात टूरिझम कुठे आहे?" माझे हात गार पडले होते. मी त्यांना सांगितलं की माणूस घराबाहेर पडतो ती पहिली शंभर पावलं आणि तो किल्ला बघायला हजार किलोमीटर येतो ती वाट, या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आम्हाला शिकवल्या आहेत. आणि मानमंदिरासमोर पायरीवर टेकलेल्या त्या नऊवारीतल्या आजींना मुलांनी आणलं म्हणून त्या आल्या होत्या, खाली तळघरात उतरताना मात्र त्या वरच थांबल्या. माझ्या गल्लीतल्या आजी आणि त्या, दोघींना एकच गोष्ट अडवते. सर काही बोलले नाहीत. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मला बासष्ट गुण मिळाले. चांगले मिळाले असं मला वाटतं.

अहवालाची एक प्रत मी संबंधित कार्यालयात दिली. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. दोनदा गेले, दोन्ही वेळा साहेब बैठकीत. हे वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं, कारण मी पैसे मागत नव्हते. एका कुलपाची चावी रोज चार तास चौकीदाराकडे राहावी एवढंच माझं म्हणणं होतं.

बाकांचं काम मात्र दुसऱ्या वाटेनं झालं. आमच्याकडे आईवडिलांच्या स्मरणार्थ बागेत बाक देण्याची पद्धत आहे, पाठीवर नाव कोरलेलं. शेजारच्या एका कुटुंबाला दोन बाक द्यायचे होते. मी त्यांच्याकडे तक्ता घेऊन गेले आणि विनवलं, की द्याच, पण पाठ आणि दोन्ही बाजूंना हात असलेले द्या, आणि बैठकीची उंची ४५ सेंटिमीटर ठेवा. ते मला मिस्त्रीकडे घेऊन गेले. मिस्त्रीनं माप ऐकलं, मनात काहीतरी केलं आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत स्वतःचा हात माझ्यासमोर धरला : "मतलब, एक हाथ." हो, एक हात. मला २७० हातांची ती बाग आठवली आणि त्याला सांगावंसं वाटलं, पण तो कामात होता.

आता मी वारसा फेऱ्या करणाऱ्या एका छोट्या गटाबरोबर काम करते. बाबा फेरीला एकदा येऊन गेले, बावडीपाशी त्यांनी मला एक चूक दाखवली आणि ती खरंच चूक होती, मी सुधारली. दर फेरीच्या आधी मी येणाऱ्यांना विचारते, कुणाला पायऱ्या जड जातात का, आणि शौचालय कुठे आहे ते सुरुवातीलाच सांगते. चतुर्भुज मंदिराच्या चढावर आजीला अजून नेता आलेलं नाही. तिला मी शिलालेखाचा फोटो दाखवला, तर तिनं चष्मा वर करून विचारलं, "रोज पन्नास माळा? किती माळी होते?" लेखात मला तरी तसं काही दिसलं नाही.

बाक बसून सहा महिने झाल्यावर, एका मंगळवारी, मी जुना तक्ता पुन्हा छापून बागेत गेले. साडेपाचची फेरी. डावीकडून उजवीकडे एकदाच नजर. ज्येष्ठ स्त्रिया : तीन. दोघी नव्या बाकावर, वाती वळत. तिसरी माझी आजी, बाकाच्या हाताला घट्ट धरून बसलेली, अजून सवय नाही म्हणून. मी तिच्याकडे बघून हसले नाही, कारण फेरी चालू होती.

सहाच्या सुमाराला तिघीही उठल्या. एकदम नाही, एकेक करून, हात टेकून. आजी माझ्यासमोरून गेली तेव्हा म्हणाली, "येते गं, आता थांबवत नाही," आणि लगबगीनं फाटकाकडे निघाली.

साडेसहाच्या फेरीला मुलं होती, पत्त्यांचा अड्डा होता, व्यायामाच्या यंत्रांवर पोरं होती. शौचालयाला कुलूप होतं. त्या रकान्यात मी शून्य लिहिलं.